पहिला विषय चंद्राचा घ्या

मुलाला शाळेऐवजी घरीच शिकवायचं ठरवलंत, छान. पण ऋतू, सण आणि विज्ञान यांचे तीन वेगळे तक्ते करू नका. मी केले होते, आठवड्यात दमले. त्यापेक्षा चंद्र घ्या. रोज रात्री मुलाला वहीत वर्तुळ काढून उजळलेला भाग रंगवू द्या. ढग आले तर वर्तुळ कोरंच राहू दे, अंदाजाने भरायचं नाही. पौर्णिमा ते पौर्णिमा साधारण २९.५ दिवस, हे मग त्याचं त्यालाच मोजता येतं. असे बारा महिने म्हणजे ३५४ दिवस, सौर वर्षापेक्षा ११ कमी. सणांच्या तारखा दरवर्षी का बदलतात, हे कोडं इथेच सुटतं: रमजान दरवर्षी अलीकडे सरकतो, हिंदू आणि ज्यू पंचांगं अधिक महिना घालून सण ऋतूत ठेवतात, ईस्टरही पौर्णिमेवरूनच ठरतो.

आधी प्रार्थना, मग मोजणी, हा क्रम आम्हाला मानवला. ‘चंद्र देवाने फिरवला की गुरुत्वाकर्षणाने?’ असं विचारलं तर उत्तराची घाई करू नका. माझी लेक असे प्रश्न वहीच्या मागच्या पानावर लिहिते. पान भरत आलंय. आणि हो, शुद्धलेखन नि पाढे यात कोंबू नका, त्यांना वेगळा अर्धा तास ठेवा.