लॉकडाऊनपासून उभ्या पद्मिनीत वरून नवं पेट्रोल ओतून ती सुरू केली तर चालेल का?

नाही. आणि जुनं पेट्रोल बाहेर काढेपर्यंत किल्लीही फिरवू नका.

तुम्ही लिहिलंय की वडिलांची 1988 ची प्रीमियर पद्मिनी 2020 च्या लॉकडाऊनपासून अंगणात पत्र्याखाली उभी आहे, टाकी अंदाजे अर्धी भरलेली आहे आणि गणपतीत वडिलांना तिच्यातून एक चक्कर मारून आणायची आहे. गॅरेजवाले म्हणतात, "वरून दहा लिटर ताजं टाका, बॅटरी लावा, लागेल." लागेलही कदाचित. नुकसान होतं ते गाडी लागल्यानंतर. माझ्या हातून ते झालेलं आहे, म्हणून सविस्तर सांगतो.

माझ्या काकांची पद्मिनी चिपळूणजवळ चार पावसाळे उभी होती. मी नेमकं हेच केलं. तिसऱ्या झटक्याला इंजिन लागलं, घरातले सगळे बाहेर आले, काकूंनी नारळ वाढवला. गुहागरच्या रस्त्याने पंधरा-वीस किलोमीटर जाऊन आलो, गाडी सुरेख चालली. दुसऱ्या दिवशी सकाळी स्टार्टर मारला तर आतून टक्कन आवाज आला आणि इंजिन दोनच सिलिंडरवर थडथडायला लागलं. इंजिनच्या डोक्यावरचं झाकण, म्हणजे टॅपेट कव्हर, उघडलं तेव्हा व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्यांपैकी, म्हणजे पुशरॉडपैकी, दोन वाकलेले होते.

कारण असं. पद्मिनीच्या 1089 सीसी इंजिनात कॅमशाफ्ट, म्हणजे व्हॉल्व्हना रेटा देणारे उंचवटे (कॅम) असलेला फिरता दांडा, खाली, व्हॉल्व्ह वर आणि मधे पुशरॉड. शिळ्या पेट्रोलमधला चिकटा इनलेट व्हॉल्व्हच्या दांडीवर जमतो. इंजिन गरम असेपर्यंत तो पातळ राहतो आणि काही जाणवत नाही. रात्रभर थंड झालं की तो लाखेसारखा घट्ट होतो आणि व्हॉल्व्ह गाईडमध्ये, म्हणजे दांडी ज्या नळीतून सरकते तिच्यात, जाम बसतो. सकाळी कॅम खालून रेटतो, वरचा व्हॉल्व्ह हलत नाही, मग मधला पुशरॉड वाकतो. मिस्त्रींनी तो व्हॉल्व्ह बाहेर काढून माझ्या हातात दिला होता. दांडीवर काकवीच्या रंगाचा थर होता आणि नखाने खरवडूनही तो निघत नव्हता.

पेट्रोल म्हणजे एकच एक द्रव नसतो, हलक्या-जड अनेक द्रवांचं ते मिश्रण आहे. इंजिन थंड असताना पेट घेण्याचं काम हलका भाग करतो आणि तोच आधी उडून जातो. पद्मिनीच्या काळातल्या टाक्यांचा हवेशी संबंध राहतो. दिवसा तापलं की वाफ बाहेर, रात्री गार झालं की दमट हवा आत. उरलेल्या जड भागाचा हवेतल्या ऑक्सिजनशी संयोग होऊन चिकटा तयार होतो. यावर ताजं पेट्रोल ओतलं की हलका भाग परत मिळतो, म्हणून गाडी लागते. पण चिकटा जिथल्या तिथेच असतो.

त्यात इथेनॉलचा मुद्दा आहे. तुमच्या टाकीत आहे ते 2020 चं, तेव्हा देशातलं सरासरी मिश्रण 5 टक्क्यांच्या आसपास होतं. आज पंपावर मिळतं ते 20 टक्क्यांचं. इथेनॉल पाणी ओढून घेतं आणि साठलेली घाणही सोडवतं. त्यामुळे तळाशी इतकी वर्षं निवांत बसलेला गंज आणि गाळ सुटून थेट गाडीतल्या इंधन पंपाकडे आणि पेट्रोल-हवा मिसळणाऱ्या कार्बोरेटरकडे निघतो. पाणी प्रमाणाबाहेर झालं तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याबरोबर तळाशी जातं, आणि टाकीतून नळी ओढते ती तळातूनच. या कारणाने मला 'वरून टाका' हा सल्ला आता पूर्वीपेक्षाही जास्त घातक वाटतो.

तेव्हा आधी टाकी रिकामी करा. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गाडी उघड्यावर घ्या, अर्थात ढकलत. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड असते, ती जमिनीलगत सरपटत लांबच्या ठिणगीपर्यंत पोचते. त्यामुळे जवळपास देवघरातली समई, गॅस, वायरचा बल्ब काहीही नको. पावडरचा अग्निशामक हाताशी ठेवा. टाकीला तळाशी ड्रेन बोल्ट असेल तर तो उघडा, नाहीतर हातपंपाने ओढा. नळी तोंडात धरून ओढायची आपल्याकडची सवय कृपा करून विसरा. घोटभर पेट्रोल छातीत गेलं तर फुप्फुसं सुजतात, माणूस दगावू शकतो. साध्या प्लॅस्टिकच्या बादलीत घेऊ नका, पत्र्याचा किंवा इंधनासाठीचाच कॅन जमिनीवर ठेवून त्यात घ्या.

निघालेलं थोडं पेट्रोल काचेच्या बाटलीत घ्या आणि शेजारी ताजं ठेवून बघा. कोऱ्या चहासारखं गडद दिसलं, वास वार्निशसारखा आला किंवा तळाशी वेगळा थर दिसला, तर पुढचं सगळं काम करावं लागणार हे नक्की. ते पेट्रोल गटारात किंवा झाडाच्या बुंध्याशी ओतू नका. आपल्या विहिरी दूर नसतात. जुनं ऑईल अधिकृत माणसाला देणारं एखादं गॅरेज शोधून त्यांच्याकडे द्या.

टाकी खाली उतरवणं उत्तम. आत गंज असेल तर मूठभर नट-बोल्ट किंवा जुनी साखळी टाकून हलवा, धुवा, पूर्ण वाळवा आणि आत टाकलेलं सगळं मोजून बाहेर काढा. गळती दिसली तर टाकीला घाईने डाग देऊ नका. रिकामी, अगदी वर्षानुवर्षं कोरडी पडलेली टाकीसुद्धा ज्योत लागल्यावर फुटते. हे काम टाकी वाफमुक्त करून देणाऱ्या जाणकाराचंच आहे.

कार्बोरेटर सोलेक्सचा असेल. त्यातल्या पेट्रोल साठणाऱ्या कप्प्यात, म्हणजे फ्लोट चेंबरमध्ये, हिरवट-पिवळी साय दिसेल. जेट, म्हणजे पेट्रोल मोजून सोडणारी बारीक भोकाची पितळी तुकडी, काढून क्लीनरमध्ये भिजवा आणि हवेने फुंका, पण तार घालू नका. सोलेक्सच्या जेटवरचा आकडा म्हणजे भोकाचं माप, मिलिमीटरच्या शंभराव्या भागात. पितळ मऊ असतं. तारेने भोक जरा मोठं झालं की पुढे आयुष्यभर मिश्रण बिघडलेलं राहतं आणि दोष कुठे आहे ते कुणाला सापडत नाही.

रबरी नळ्या सगळ्या बदला, वरून चांगल्या दिसल्या तरी. जुनं रबर इथेनॉलने फुगतं, मऊ पडतं आणि मग गरम इंजिनवर गळतं. नवी नळी घेताना तिच्यावर 'एसएई जे30 आर9' (इंधनाच्या नळीचा एक दर्जा) असं छापलेलं बघून घ्या. पंपातला रबरी पडदा, म्हणजे डायफ्रामही, इथेनॉल सोसणारा घाला. इथे पैसे वाचवणं मला अजिबात पटत नाही, गळक्या नळीतून गाडीला आग लागू शकते.

आता इंजिन. डिपस्टिक काढून वास घ्या. ऑईलला पेट्रोलचा वास आला तर ते बदला, न आला तरी सहा वर्षांनी बदलाच. प्लग काढून प्रत्येक सिलिंडरमध्ये चमचाभर ऑईल सोडा, रात्रभर राहू द्या. दुसऱ्या दिवशी टॅपेट कव्हर उघडं ठेवा, गाडी चौथ्या गिअरमध्ये टाका आणि हळूहळू ढकला. आठही व्हॉल्व्ह खाली जाऊन पूर्ण वर येतात का, ते एकेक करून बघा. मी ही अर्ध्या तासाची तपासणी केली असती तर ते पुशरॉड वाकले नसते. एखादा अडकला असेल तर तिथे थांबा आणि हेड उघडणाऱ्या मिस्त्रींना बोलवा.

सगळे मोकळे असतील तर पहिला स्टार्ट टाकीवर नको. पंपाची ओढणारी नळी गाडीबाहेर जमिनीवर ठेवलेल्या, झाकणाला भोक पाडून नळी घट्ट बसवलेल्या छोट्या कॅनमध्ये सोडा, आत दोन-तीन लिटर ताजं पेट्रोल. पंधरा मिनिटं चालवा, बंद करा, पूर्ण थंड होऊ द्या. दुसऱ्या दिवशी आधी पुन्हा हाताने फिरवून व्हॉल्व्ह बघा. ब्रेकचे सिलिंडर, आरसी, विमा आणि पीयूसी हे सगळं वडिलांना बसवायच्या आधी झालेलं हवं, हे वेगळं सांगायला नको.

गणपतीला वेळ कमी असेल तर यंदा त्यांना उभ्या गाडीतच स्टिअरिंगमागे बसवा. माझ्या काकांनाही पुशरॉड येईपर्यंत तीन आठवडे तसंच बसावं लागलं होतं, आणि ते रोज संध्याकाळी जाऊन बसत.

गाडी रस्त्यावर आली की टाकी आणि पंपाच्या मधे पारदर्शक फिल्टर लावा. पहिला महिनाभर एका वेळी पाच लिटरच भरा आणि दर फेरीनंतर बॉनेट उघडून फिल्टर बघा. तांबूस गाळ दिसला की नवा घाला.