बेडिंगसाठी रिलीज एजंट: मेण, पीव्हीए की शू पॉलिश?

तुमची रेमिंग्टन ७०० रायफल, लाकडी स्टॉक (दस्ता) आणि मरीन-टेक्स इपॉक्सी. बेडिंग म्हणजे अॅक्शन (बॅरलमागचा, बोल्ट बसतो तो पोलादी भाग) स्टॉकमध्ये घट्ट टेकावी म्हणून दोघांच्या मध्ये इपॉक्सी भरणं. ते अॅक्शनला चिकटू नये म्हणून तिच्यावर जे लावायचं, तो रिलीज एजंट. मेण, पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल), शू पॉलिश, स्वयंपाकाचा तेलाचा स्प्रे, सगळंच सुचवलं गेलंय आणि त्यातलं नेमकं काय घ्यायचं, हा प्रश्न. माझं उत्तर: सिलिकॉन नसलेलं पेस्ट वॅक्स, किंवा किवीचं न्यूट्रल शू पॉलिश. दोन पातळ थर.

इपॉक्सी अॅक्शनच्या पृष्ठभागाची हुबेहूब नक्कल करतं, अगदी एजंटच्या थरासकट. ब्रशचे ओघळ राहिले तर तेही बेडिंगमध्ये उमटतात आणि अॅक्शन नीट टेकत नाही. मेण लावून, सुकू देऊन, मऊ कापडाने पुसलं की उरतो तो थर नगण्य असतो. इपॉक्सी घट्ट होताना तापतं, तेव्हा मेण वितळेल का, ही शंका रास्त आहे. पण अशा पेस्टमध्ये बहुधा असणारं कार्नौबा मेण ८० अंश सेल्सिअसच्या वर वितळतं आणि बेडिंगचा पातळ थर पोलादाला चिकटून असल्यामुळे तेवढा तापत नाही.

पीव्हीए वाईट नाही. त्याची सलग फिल्म बनते आणि नंतर पाण्याने धुऊन जाते. मात्र धातूवर तेलाचा अंश राहिला तर ते थेंबाथेंबाने आकसतं आणि मध्ये उघडी जागा राहते. लावायचंच असेल तर आधी अॅसिटोनने पुसा आणि प्रत्येक थर पूर्ण वाळू द्या. स्वयंपाकाच्या स्प्रेने काहींचं काम झालंय, पण तेल ओलंच राहतं, उभ्या बाजूंवरून ओघळतं. मी सुचवणार नाही. सिलिकॉन स्प्रे तर त्या टेबलाजवळही आणू नका. तो लाकडावर उडाला की तिथे ना इपॉक्सी धरत, ना पुढे पॉलिश. बऱ्याच कार वॅक्समध्येही सिलिकॉन असतं, म्हणून डब्यावरचं वाचून घ्या.

आता खरी काळजीची जागा. अॅक्शन अडकते ती बहुतेक वेळा एजंट चुकीचा होता म्हणून नाही. मोदकाच्या साच्याला कितीही तूप लावा, आत उलटी खाच असेल तर मोदक अखंड निघत नाही. तसंच इथे. इपॉक्सी ट्रिगरच्या पिनांच्या भोकांत किंवा मॅगझिनच्या खाचेत शिरून कडक झालं की ती कुलपं होतात, कुठलाही एजंट ती उघडत नाही. म्हणून रायफल रिकामी असल्याची खात्री करून बोल्ट आणि ट्रिगर काढा, मग प्रत्येक भोक, प्रत्येक खाच मॉडेलिंग क्लेने बुजवून पृष्ठभागाशी सपाट करा. रिकॉइल लगच्या (अॅक्शनच्या पुढच्या टोकाला खाली आलेला पोलादी तुकडा) पुढच्या, खालच्या आणि दोन्ही कडेच्या बाजूंना टेप लावा. मागची बाजू उघडी ठेवा, धक्का तीच पेलते. तिच्यावर मेण मात्र हवंच. अॅक्शन स्टॉकला धरून ठेवणाऱ्या स्क्रूच्या आट्यांत मेण दाबून भरा. इथे कंजुषी नको, थर जाड झाला तरी चालतो.

आणि पिलर (स्टॉकमधल्या स्क्रूच्या भोकांत बसवायच्या धातूच्या नळ्या) बसवणार असाल तर त्यांच्या बाहेरच्या अंगाला मेणाचं बोटही लागू देऊ नका. ते कायमचे चिकटायला हवेत. मेणाचं काम आटोपल्यावर हातमोजे बदला, मगच इपॉक्सी कालवा.

भारतातून वाचणाऱ्यांसाठी: १९५९च्या शस्त्र कायद्यात शस्त्रदुरुस्तीसाठीही परवाना लागतो. हे काम परवानाधारक गनस्मिथकडेच द्या.

चोवीस तासांनी स्क्रू काढा. अॅक्शन हलली नाही तर पहार, छिन्नी काही नको. रायफल पिशवीत गुंडाळून काही तास फ्रीजरमध्ये ठेवा. पोलाद किंचित आकसतं आणि बॅरलखाली रबरी हातोडीचे हलके टोले दिले की बहुधा सुटतं. स्क्रूच अडकला असेल तर त्याच्या डोक्यावर सोल्डरिंग आयर्न टेकवा, तापलं की इपॉक्सी मऊ पडतं. सुटल्यावर टेप आणि क्ले काढा, मेण मिनरल स्पिरिटने पुसा आणि पोलादाला लगेच तेलाचा हात द्या.