पाणी जिरवणाऱ्या निचरा व्यवस्थेची दरवर्षी कॅमेरा तपासणी करावी का?

तुमच्या आवारात पावसाचं पाणी सच्छिद्र फरसबंदी, गवताळ चर आणि जमिनीखालची प्लास्टिक क्रेट्सची टाकी यांतून जिरवलं जातं. देखभालीचा कंत्राटदार म्हणतोय, दरवर्षी सगळ्याची कॅमेरा तपासणी करा. ती खरंच लागते का, असं तुम्ही विचारलंय. मी याच कामात आहे. जे पुरलेलं आहे त्याला कॅमेरा लागतोच, पण 'दरवर्षी' आणि 'सगळं' हे दोन्ही मला पटत नाही.

चर आणि फरसबंदीला तुमचे डोळे पुरे. जोराचा पाऊस चालू असताना छत्री घेऊन एक फेरी मारा, पाणी कुठे थबकतंय ते लगेच कळेल. कॅमेऱ्याचं काम चेंबरपासून पुढे सुरू होतं: जोडणारे पाइप, चरांखालचे भोकांचे पाइप आणि टाकीचं तोंड. क्रेट्सच्या आत कॅमेरा जाईलच असं नाही. काही क्रेट्समध्ये तपासणीसाठी बोगदा ठेवलेला असतो, काहींत नसतो. नसेल तर तोंडापाशी जेवढं दिसेल तेवढंच. त्यामुळे काम देण्याआधी मूळ नकाशा काढून हे बघाच. नकाशावर पूर्ण विसंबूही नका. कॅमेऱ्याच्या डोक्यात सिग्नल देणारा ट्रान्समीटर असेल तर वर जमिनीवरून पाइपाची खरी जागा आणि खोली शोधता येते. तिथे खुणा करून घ्या.

आता सगळ्यात महत्त्वाचं. साध्या गटारात आधी जेटिंग (दाबाच्या पाण्याने धुणं) करून मग कॅमेरा घालतात, कारण तिथे पाइपाची भिंत बघायची असते. इथे निदान एक फेरी सफाईच्या आधी झाली पाहिजे. गाळ किती आहे, कुठून येतोय, पाणी कुठवर तुंबलंय हाच तर पुरावा. तो धुऊन टाकल्यावर काढलेल्या व्हिडिओत चकचकीत पाइप दिसतो आणि टाकी का भरून राहते ते कोणालाच कळत नाही. शिवाय भोकांच्या पाइपात जास्त दाबाचं जेटिंग केलं, तर गाळ भोकांतून बाहेरच्या खडीत आणि जिओटेक्स्टाइलमध्ये (पाणी जाऊ देणारं, माती अडवणारं कापड) जाऊन बसतो. तो परत निघत नाही. टाकीकडे जाणारा पाइप धुताना टाकीचं तोंड बंद करायचं, दाब कमी ठेवायचा आणि गाळ चेंबरमधूनच पंपाने ओढून घ्यायचा. कंत्राटदाराने 'त्याची काय गरज' म्हटलं, तर दुसरा शोधा.

कॅमेऱ्यात काय दिसतं? सांध्यांतून शिरलेली मुळं (झाडं लावलेल्या पर्जन्यबागेजवळ हमखास), वरच्या भाराने चपटा झालेला प्लास्टिक पाइप, उतार बिघडल्याने झालेला झोल आणि त्यात साचलेलं पाणी. टॉयलेट पेपरचे तुकडे किंवा भिंतीला करडा बुळबुळीत थर दिसला, तर बाकी सगळं बाजूला ठेवा. कुणीतरी सांडपाण्याची लाइन पावसाच्या लाइनीला जोडलीय आणि ती घाण थेट जमिनीत मुरतेय. संशयित घरातल्या संडासात रंग टाकून फ्लश केलं आणि रंग पावसाच्या चेंबरमध्ये आला, की खात्री पटते.

जिओटेक्स्टाइल कापड गाळाने चोंदलंय का, भोवतालची माती अजून पाणी पिते का, हे मात्र कॅमेरा सांगू शकत नाही. त्यासाठी चेंबरमध्ये मापाची पट्टी लावा. ब्रिटनमध्ये शोषखड्ड्यांसाठी वापरल्या जाणाऱ्या 'बीआरई डायजेस्ट 365'चा निकष असा, की भरलेला खड्डा 24 तासांत निम्मा रिकामा व्हावा. मोठ्या पावसानंतर पट्टीवरचं पाणी दुसऱ्या दिवशी जेमतेम उतरलेलं असेल, तर पाइप कितीही स्वच्छ असले तरी जिरवण बिघडलीय.

किती वेळा करावं? पहिली तपासणी बांधकाम संपून ताबा घेताना, कारण सिमेंट, वाळू आणि उघड्या मातीचा सगळ्यात जास्त गाळ त्याच काळात येतो. ती झाली नसेल तर आत्ता करा. पुढची एक-दोन वर्षांनी, आणि दोन्ही व्हिडिओंत फारसा फरक नसेल तर मधलं अंतर बिनधास्त वाढवा. गाळ अडवणारं चेंबर मात्र दर काही महिन्यांनी झाकण उघडून बघायचं, त्याला फक्त टॉर्च आणि काठी लागते.

अहवाल घेताना नुसत्या फोटोंच्या पीडीएफवर समाधान मानू नका. मूळ व्हिडिओ मागा, स्क्रीनवर चेंबरपासूनचं अंतर दिसत असलेला, आणि दोषांची नोंद ईएन 13508-2 या युरोपीय मानकासारख्या ठरलेल्या कोडमध्ये. पुढच्या वेळी दुसरा कंत्राटदार आला तरी त्याच मीटरवरचा तोच सांधा शेजारी-शेजारी लावून बघता येतो.