इतिहास शिकू द्या, घर तारण ठेवू नका

‘ताई, माझी मुलगी बारावी सायन्सला 87 टक्के मिळवून पास झाली आणि आता म्हणते, इतिहास आणि समाजशास्त्र शिकायचंय. तेही पुण्याजवळच्या एका खासगी विद्यापीठात. चार वर्षांचं बीए ऑनर्स, फी आणि होस्टेल धरून वर्षाला सहा लाख. यजमान जिल्हा परिषदेत आहेत, वय 54, पगार 70 हजार. बँक कर्ज द्यायला तयार आहे, पण राहतं घर तारण मागते. दिराच्या मुलाला मॅनेजमेंट कोट्यातून इंजिनिअरिंगला घातलं तेव्हा कुणी अवाक्षर काढलं नाही, आम्हाला मात्र सगळे वेड्यात काढतायत. डोक्यावर एवढं कर्ज असलेल्या मुलीला उद्या स्थळं तरी कशी येणार? ती तुमचं सदर वाचते. तिला समजवाल का?’
– एक आई, सांगली

ताई, समजावते, पण तुम्हाला हवं तेच समजावेन असं नाही. तुमच्या घरात दोन वेगळी भांडणं एकात मिसळली आहेत. पोरीनं सायन्स सोडून इतिहास घ्यावा का, हे एक. त्यासाठी 24 लाखांचं कर्ज काढावं का, हे दुसरं. पहिल्यात मी तिच्या बाजूनं आहे, दुसऱ्यात तुमच्या.

आधी दुसऱ्याचं बोलू. कागद-पेन घ्या आणि हे तिला शेजारी बसवूनच करा, कारण मुख्य कर्जदार म्हणून सही तिची असणार आहे. शैक्षणिक कर्जाचे हप्ते सहसा अभ्यासक्रम संपल्यावर एक वर्षानं सुरू होतात. व्याज मात्र पहिली रक्कम विद्यापीठाकडे गेली त्या दिवसापासून लागतं. दर 10 टक्के धरा. पहिल्या सहा लाखांवर पाच वर्षांचं व्याज, दुसऱ्या सहा लाखांवर चार वर्षांचं, असं करत सरळव्याजानंसुद्धा 8 लाख 40 हजार चढतात. म्हणजे फेड सुरू होते ती 32 लाख 40 हजारांची. पंधरा वर्षांची मुदत घेतली तर महिन्याला जवळजवळ 35 हजार, दहा वर्षांची घेतली तर 43 हजार. पंधरा वर्षांत एकूण साडेबासष्ट लाख भरून होतील.

आता यजमानांचं वय या हिशेबाशेजारी लिहा. मुलगी पदवी घेईल त्या सुमारास ते 58 ला निवृत्त होतील. पहिला हप्ता येईल तेव्हा त्यांचा पगार बंद होऊन वर्ष झालेलं असेल. तिला पहिली नोकरी 25-30 हजारांची लागली आणि ती पुण्यात खोली घेऊन राहिली, तर हप्ता कुणाच्या खिशातून जाणार? सहकर्जदाराच्या. त्यांच्या ग्रॅच्युइटीतून, मग फंडातून, आणि ते संपलं की बँकेकडे घराचे कागद आहेतच. साडेसात लाखांच्या वर बहुतेक सरकारी बँका तारण मागतात ते याचसाठी. कुणी तुम्हाला नोव्हेंबर 2024 मध्ये मंजूर झालेल्या पीएम विद्यालक्ष्मी योजनेचं सांगेल. त्यात 10 लाखांपर्यंतच्या कर्जावर 3 टक्के व्याजसवलत आहे, पण ती फक्त हप्ते सुरू होईपर्यंतच्या काळापुरती, ठरावीक संस्थांसाठी आणि 8 लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या कुटुंबांना. तुमचा नुसता पगारच वर्षाचा 8 लाख 40 हजार होतो. थोडक्यात हुकलात.

हाच हिशेब दिराच्या मुलालाही लावायला हवा होता. मॅनेजमेंट कोट्याच्या फीवर कुणी बोट ठेवलं नाही, कारण ‘इंजिनिअर’ म्हटलं की आपल्याकडे बेरीज-वजाबाकी थांबते. पोरगं चौथ्या वर्षी कॅम्पसमधून कोरडंच परतलं तर त्याचाही हप्ता ठरल्या तारखेला येतोच. तेव्हा नातेवाइकांच्या बोलण्यावरून इतिहासाला कमी लेखू नका. महाग आहे ती ही जागा, विषय नव्हे.

आणि इतिहास म्हणजे बेकारी, हेही खरं नाही. 2023 मध्ये मराठा आरक्षणासाठी कुणबी नोंदी शोधायला घेतल्या तेव्हा जिल्ह्याजिल्ह्यांत मोडी, म्हणजे मराठीची जुनी लिपी, वाचणारी माणसं शोधावी लागली. पुण्याच्या पुराभिलेखागारात पेशवे दफ्तराचे कोट्यवधी कागद पडून आहेत, ते वाचणारे हाताच्या बोटांवर मोजावेत इतके. जमिनीच्या वादात वकिलांना मोडीचं लिप्यंतर लागतं आणि त्याचे पैसे मिळतात. पुराभिलेख संचालनालय मोडीचे वर्ग घेतं. तुमच्या मुलीनं पदवीच्या जोडीला तेवढं केलं तरी बीएच्या गर्दीतून ती वेगळी दिसेल. पुढं डेक्कन कॉलेजात पुरातत्त्व आहे, टिस म्हणजे टाटा समाजविज्ञान संस्था आहे, सीयूईटी-पीजी ही प्रवेश परीक्षा देऊन हैदराबाद विद्यापीठ किंवा जेएनयू आहे. प्राध्यापकीच्या ‘नेट’ या पात्रता परीक्षेत जेआरएफ ही संशोधनवृत्ती मिळाली तर संशोधन करताना महिन्याला 37 हजार मिळतात. लोक कर्ज काढून शिकतात तिथं शिकण्याचेच पैसे.

पण ‘प्राध्यापक होईन’ एवढ्याच भरवशावर ती असेल, तर तिला आपल्या अनुदानित महाविद्यालयांच्या स्टाफरूममध्ये एकदा बसवून आणा. नेट-सेट झालेली, पीएचडी असलेली, पस्तिशी ओलांडलेली माणसं तिथं वर्षानुवर्षं तासिका तत्त्वावर शिकवतायत. कायम जागा निघण्याची वाट पाहणं हाच त्यातल्या अनेकांचा दुसरा व्यवसाय झालाय. हे तिला आत्ताच कळलेलं बरं.

बाळ, तू हे वाचते आहेस असं धरून चालते. त्या विद्यापीठात काय मिळतं ते मला ठाऊक आहे: छोटे वर्ग, दर आठवड्याला लिहायला लावणारे शिक्षक, मोठं ग्रंथालय, आणि बरोबरीनं वाचणारी मुलं. सांगलीत बसून याचं आकर्षण वाटणं अगदी समजू शकते. त्यातलं बरंचसं मात्र विकत न घेताही मिळतं. पुण्यात फर्ग्युसन किंवा एसपी कॉलेजात अनुदानित तुकडीला बीए केलंस तर वर्षाची फी हजारांत राहील, राहण्या-जेवणाचा खर्च वेगळा. घरीच राहायचं तर सांगलीचं विलिंग्डन कॉलेज आहे, 1919 पासूनचं. वर्ग मोठे असतील, काही शिक्षक नोट्स उतरवून देतील, तुला कंटाळा येईल. तेव्हा पुण्यात असशील तर भारत इतिहास संशोधक मंडळात जाऊन बसायचं, भांडारकर प्राच्यविद्या संस्थेत जायचं, इंग्रजीत लिहायची सवय स्वतः लावायची. हे कष्टाचं आहे, मी त्याला गोडगोड रंग देणार नाही. पण बावीसाव्या वर्षी डोक्यावर हप्ता नसेल तर कमी पगाराची, पण मनाजोगती पहिली नोकरी तुला घेता येईल. कर्ज असेल तर तीच पहिली हातची जाते, आणि इतिहास शिकून तू हप्त्यासाठी मिळेल ते काम करत बसतेस.

एकच वाट उघडी ठेव. त्या विद्यापीठाला सरळ विचार, गरजेनुसार फी माफी किती देता आणि ती चारही वर्षं टिकते का. पहिल्या वर्षी घसघशीत सवलत आणि दुसऱ्या वर्षी अमुक ग्रेडची अट, असा प्रकार असतो. उत्तर लेखी घे. घरून आईबाबा जे देऊ शकतील ते आणि सवलत धरून एकूण कर्ज साडेसात लाखांच्या आत बसत असेल, म्हणजे घर मोकळं राहत असेल, तर मी माझं मत बदलेन. त्या परिस्थितीत शिकत असतानाच महिन्याचं व्याज भरत जा, म्हणजे मुद्दल फुगत नाही. काही बँका त्यासाठी दरात एक टक्का सूटही देतात, ती मागून घ्यावी लागते.

ताई, आता तुमच्याकडे. स्थळांचं कारण या चर्चेतून काढून टाका. ते पुढं केलंत की मुलगी हिशेब ऐकायचं थांबवेल आणि तिला वाटेल की सगळी आकडेमोड लग्नासाठीच चालली होती. शिवाय आठवा, दिराच्या मुलाचं कर्ज कुठल्याही स्थळाला खटकणार नाहीये.

खासगी विद्यापीठाच्या उत्तराची वाट बघत अनुदानित कॉलेजांच्या तारखा हुकवू नका. या आठवड्यातच तिथले फॉर्म भरा, गुणवत्ता यादीत नाव लागलं की फी भरून जागा पक्की करा. दुसरीकडून मनासारखी सवलत मिळाली तर ती रद्द करता येईल, बुडाले तर काही हजार बुडतील. यजमानांना एवढंच सांगा की तोवर घराच्या कागदांची फाइल बँकेत न्यायची नाही.