हिंदू धर्मात जिवंत माणसाला खरोखर देव मानतात का?

हो, मानतात, पण दरवेळी अर्थ एकच नसतो. अद्वैत मतानुसार ब्रह्म प्रत्येकातच आहे, छांदोग्य उपनिषदातलं ‘तत्त्वमसि’ (‘ते तूच आहेस’) हेच सांगतं. म्हणजे एखाद्या महाराजांना देव म्हणणाऱ्याने शेजाऱ्यालाही तेच म्हणायला हवं (म्हणत कोणी नाही!). तैत्तिरीय उपनिषद आई, वडील, आचार्य, अतिथी यांना देव मानायला सांगतं, तो वागणुकीचा नियम. खरी गंमत तिसऱ्या प्रकारात आहे: ठरावीक व्यक्तीत ठरावीक देवता, आणि तीही बहुधा मुदतीपुरती. केरळातल्या तेय्यम या विधीनृत्यात नर्तक विधी चालू असेपर्यंतच देवता असतो. काठमांडूची कुमारी, म्हणजे जिवंत देवी मानली जाणारी लहान मुलगी, नेवार बौद्धांच्या शाक्य घराण्यातून निवडतात, तरी हिंदूही तिला तलेजू देवी मानून पुजतात. ती वयात आली की देवीपण संपतं. चिंचवडला मात्र मोरया गोसावींच्या वंशात सात पिढ्या गणपतीचा अंश मानला गेला.

श्रद्धा ठेवायला कायद्याची आडकाठी नाही. पण तथाकथित चमत्कार दाखवून पैसे उकळणं किंवा लोकांना फसवणं महाराष्ट्रात २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्याने गुन्हा आहे, करणारा स्वतःला कोणाचाही अवतार म्हणवो.