सुदान स्वतंत्र झाल्यावर सत्ता कोणाकडे होती आणि लोकशाही तीनच वर्षांत का कोसळली?

पहिले पंतप्रधान इस्माईल अल-अझहरी. मूळचे गणिताचे शिक्षक. सुदानवर तेव्हा ब्रिटन आणि इजिप्तची संयुक्त राजवट होती; अझहरी आधी इजिप्तशी एकीकरण हवं म्हणणारे, पण लोकांचा कल ओळखून पूर्ण स्वातंत्र्याकडे वळले. १ जानेवारी १९५६ ला खार्टूममध्ये निळा-पिवळा-हिरवा झेंडा चढवताना दोरीला त्यांच्यासोबत विरोधी पक्षनेते मोहम्मद अहमद महजूब यांचाही हात होता. मला हे दृश्य फार मोलाचं वाटतं.

ही एकी टिकली नाही. पक्षांची खरी ताकद दोन धार्मिक घराण्यांकडे होती: खत्मिया पंथाचे मिरघनी आणि उम्मा पक्षामागचे महदी. हे दोघे एकत्र आले आणि जुलै १९५६ मध्ये अझहरींना पायउतार व्हावं लागलं. उम्माचे अब्दल्ला खलील पंतप्रधान झाले, पण आघाडीतल्या दोन पक्षांचं, म्हणजे उम्मा आणि मिरघनींच्या पक्षाचं, इजिप्त आणि अमेरिकी मदत यांवरून कधी पटलंच नाही. १७ नोव्हेंबर १९५८ ला जनरल इब्राहिम अब्बूद यांनी सत्ता घेतली. खलील स्वतः माजी लष्करी अधिकारी. त्यांनीच लष्कराला पुढे केलं, असं बहुतेक अभ्यासक मानतात.

पण माझ्या मते सगळ्यात मोठी चूक दक्षिणेबाबत झाली. ब्रिटिशांनी रिकाम्या केलेल्या सरकारी जागांपैकी दक्षिणेकडच्यांना बोटांवर मोजण्याइतक्याच मिळाल्या. ऑगस्ट १९५५ मध्येच दक्षिणेतल्या तोरित गावी तिथल्या सैनिकांनी बंड केलं. संघराज्याचा विचार करू, हे दक्षिणेला दिलेलं आश्वासन पुढे गुंडाळून ठेवलं गेलं.

जाता जाता: सुदानची १९५३ ची पहिली निवडणूक घेणाऱ्या आयोगाचे प्रमुख भारताचे पहिले मुख्य निवडणूक आयुक्त, आपले सुकुमार सेन होते.