लेकीचं पहिलं धनुष्य

धनुष्य घेताय तर शिकारीचं मनातून काढा. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं ससा-भेकराची शिकार गुन्हा आहे. भाताच्या पेंढ्याचा भारा हीच तिची शिकार! मागे मातीचा बांध हवा. चिऱ्याच्या गडग्यावरून बाण उसळतो.

नऊ-दहा वर्षांच्या पोरीला १० ते १५ पौंड ताण (दोरी पूर्ण ओढायला लागणारा जोर) पुरे. ‘वाढत्या अंगाचं’ म्हणून २५ पौंडी घेऊ नका, तो काही फ्रॉक नव्हे. दोरी ताणून दहा आकडे मोजायला सांगा. हात थरथरला तर हलकं घ्या. डावा डोळा प्रबळ असेल, म्हणजे नेम आपसूक त्याच डोळ्यानं धरत असेल, तर डावखुरं धनुष्य बघा. बाण न लावता दोरी सोडू देऊ नका, धनुष्याची पाती (मुठीच्या वरचा-खालचा वाकणारा भाग) तडकतात. आणि हो, पावसात दोरीला मेण.